वरच्या मजल्यावरचा पंचम

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी भर सभेत केलं. आमच्या जयंती मंडळाची बैठक होती. चौदा एप्रिलच्या भीमगीतांच्या कार्यक्रमात इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा आमचा माणूस नोकरी लागून पुण्याला गेला होता आणि गिटार तेवढी मंडळाच्या कपाटात मागे राहिली होती. आता ती कोण वाजवणार यावर सगळे पुरुष डोकी खाजवत बसले होते. ढोलकीवाला म्हणाला, राहू दे गिटार. पेटीवाला म्हणाला, राहू दे म्हणजे काय, पलीकडच्या मंडळाकडे दोन-दोन आहेत. मला मागच्या खुर्चीवर बसून या चर्चेचा कंटाळा आला आणि मी म्हटलं, "एवढं काय त्यात? शिकलं की येतंय."

मंडळाचे अध्यक्ष धोंडिबा हे माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ. ते मागे वळून हसले. "वहिनी, ते इंजेक्शन न्हवं, सुई खुपसली की झालं म्हणायला."

मी देशपांडे नगरातल्या एका लॅबमध्ये रक्त काढते. अर्ध्या हुबळीची माणसं मला तोंडावरून नाही, शिरेवरून ओळखू येतात. मला कुणी काही म्हटलेलं मी एक वेळ सोडून देईन, पण माझ्या सुईला हसलेलं मला खपत नाही.

"द्या इकडं ती," मी उभी राहिले. "जयंतीला मी वाजवते."

"आणि न्हाई जमलं तर?"

"तर पुन्हा कधी मंडळात तोंड उघडणार नाही."

मागच्या रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, त्यामुळे माघार घ्यायचीही सोय राहिली नाही. धोंडिबा भाऊजींनी कपाट उघडलं. मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा गिटारला हात लावला, तोही उलट्या बाजूने.

गिटार घेऊन घरी आले आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवरच थबकले. आमचं घर नवनगरात, भाड्याचं, वरच्या मजल्यावर. खाली मालक राहतात, राघवेंद्र मास्तर. धारवाडच्या एका शाळेत जन्मभर गाणं शिकवून निवृत्त झालेले, बायको वारलेली, वय ऐंशीच्या घरात. हे घर मिळण्याआधी आम्ही किती घरं पाहिली ते विचारू नका. सगळीकडे आधी नळ दाखवायचे, मग गॅलरी दाखवायचे आणि मग विचारायचे, "आडनाव काय म्हणालात?" कांबळे म्हटलं की मालकाला एकदम आठवायचं, आपला भाचा राहायला यायचाय. हुबळीत घरमालकांना इतके भाचे असतात हे मला घर शोधेपर्यंत माहीत नव्हतं.

मास्तरांनी आडनाव विचारलं नाही. स्वयंपाकात काय शिजतं तेही विचारलं नाही. चष्म्यावरून बघत त्यांनी एवढंच विचारलं, "गाता काय? वाजवता काय?"

"नाही, सर."

"मग या. माझ्या डोक्यावर दुसरं गाणं नको बघा. बेसूर कानात गेलं की मला जेवण जात न्हाई."

तेव्हा आमच्या घरात शिट्टीसुद्धा फक्त कुकर वाजवत होता, त्यामुळे आमचं उत्तर अगदी खरं होतं. आणि आता मी जिच्यातून बेसूरच निघणार अशी वस्तू चादरीत गुंडाळून त्याच जिन्याने वर नेत होते. हे घर गेलं तर पुन्हा त्या भाच्यांच्या दारात उभं राहायची वेळ येणार होती. तरी मी वर गेले, कारण धोंडिबा भाऊजींचं हसू अजून कानात होतं.

माझा नवरा सत्याप्पा धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यात आहे. स्वभावाने शांत, पण अडचणीत सापडला की याचं तोंड डोक्याच्या आधी चालतं. त्याने गिटार बघून पहिला प्रश्न केला, "मास्तरांचं काय?"

"हळू वाजवायची. लॅबमधून दुपारी येते, तेव्हा."

आता इलेक्ट्रिक गिटार ही अशी बया आहे की स्पीकरला जोडली नाही तर तिचा आवाज पत्र्यावर झुरळ चालल्याएवढा येतो. काय चुकलं, काय बरोबर आलं, काही कळत नाही. मग हेडफोन लावून बघितला. आवाज सुरेख आला, पण घरात माझ्या सासूबाई, नागुबाई. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. आत्तींची साखर कधी खाली जाईल याचा नेम नाही. त्या पलंगावरून हाका मारत होत्या आणि मी कान झाकून तारा छेडत होते. शेवटी त्यांनी चप्पल फेकली, ती गिटारला लागली. हेडफोन त्याच दिवशी बंद झाला. मला असा स्पीकर हवा होता, जो खोलीत ऐकू येईल, आत्तींची हाक दाबणार नाही आणि मास्तरांच्या छतातून खाली उतरणार नाही. शिवाय आमच्या खिशाला परवडेल.

घरात ब्लूटूथचा एक गोल डबा होता. तो जोडला. तार आता छेडावी आणि आवाज जरा वेळाने यावा, असा प्रकार. आत्तींना प्रश्न विचारल्यासारखं. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं आणि दुसऱ्या कानाने सोयीने. कंप्युटरचे जुने स्पीकर लावले तर गिटार सर्दी झाल्यासारखी बोलायला लागली. मग मी आणि सत्याप्पा दुर्गदबैलच्या बाजारात गेलो, महादेवच्या दुकानात. तो सगळ्या मंडळांना स्पीकर पुरवतो.

"अक्का, ह्यो बगा," त्याने एक काळा खोका पुढे ओढला. "बेस बगा बेस. शटर हालतंय." आणि खरोखर त्याने शटर हलवून दाखवलं.

"लहान आवाज दाखव."

"लहान कुटला? ह्यो सगळ्यात लहानच की."

"खोका लहान नको. आवाज लहान पाहिजे. बटन अगदी थोडं फिरवून दाखव."

महादेवने सत्याप्पाकडे बघितलं. त्याच्या मते माझी तब्येत बरी नव्हती. "अक्का, लहान आवाज मागायला कोण येत न्हाई हितं. आवाज कमी पाहिजे तर मग स्पीकर कशाला पाहिजे?"

मी त्याला समजावलं की साखर तपासायला मी कुणाचं बाटलीभर रक्त काढत नाही, थेंबभर पुरतं. पण तो थेंब चांगला पाहिजे, पेशी फुटलेला चालत नाही. तसा मला थेंबभर आवाज पाहिजे. मग मी दुकानातला एकेक स्पीकर खाली ठेवायला लावला आणि एकेकाचं बटन सगळ्यात खालच्या टोकाला नेऊन बघितलं. मोठेमोठे खोके तिथे मुके होत होते. थोडं पुढे फिरवलं की एकदम ओरडत होते. मधलं काही त्यांना जमतच नव्हतं. दुकानात आलेली इतर गिऱ्हाइकं आमच्याकडे बघत होती. मी कानाला हात लावून वाकलेली आणि महादेव हळूहळू चिडत चाललेला.

शेवटी त्याने मागच्या फळीवरून एक जुना, कोपरे झिजलेला डबा काढला. गिटारसाठीच बनवलेला, स्पीकर आणि त्याला जोर देणारं यंत्र एकाच खोक्यात. कुणीतरी मोठा घेताना बदल्यात देऊन गेलेला. बटन जरासं हललं आणि त्यातून बारीक, गोल, गोड आवाज आला. कुणी शेजारी बसून कानात बोलावं एवढाच. मला तर रडूच आलं.

"पण ह्यो जरा गुणगुणतोय," महादेव प्रामाणिकपणे म्हणाला.

"मोठ्याने?"

"न्हाई न्हाई. भुंग्यागत. तुमच्या घरात अर्थिंग नीट असंल तर तेवढं पण न्हाई."

आम्हाला काय, भुंगा तर भुंगा. आम्ही तो स्वस्तात घेतला आणि पिशवीवर कोथिंबिरीची जुडी ठेवून जिना चढलो. मास्तर दारात होते. "बाजार झाला?" म्हणाले. "झाला, सर," म्हणून मी वर पळाले.

घरात अर्थिंग नीट नव्हतं. बोर्डाला तीन भोकं होती, पण तिसरं नुसतं शोभेला. मास्तरांनी वरचा मजला बांधताना वायरमध्ये काटकसर केली होती. त्यामुळे डबा चांगलाच गुणगुणायचा. गंमत अशी की तारांना बोट लावलं की गुणगुण थांबायची आणि बोट काढलं की पुन्हा सुरू व्हायची. मी काही तिकडे लक्ष दिलं नाही. डबा जमिनीवर ठेवला, मोबाईलवर धडा लावला आणि शिकायला लागले. बोटांना फोड आले. लॅबमध्ये पेशंट विचारायला लागले, बाई, तुम्हाला पण सुई टोचली काय?

त्या दिवसांत माझ्या एक लक्षात आलं. मी धडा बघायला थांबले की खालून मास्तरांचं गाणं सुरू व्हायचं. आधी ते कधी तरी संध्याकाळी दोन ओळी म्हणायचे, आता रोज दुपारी गायला लागले. मी मनात म्हटलं, बरं झालं, ते स्वतःच्या आवाजात असले की माझा आवाज त्यांना जाणार नाही. चोराच्या मनात चांदणं असतं, पण माझ्या मनात तेही नव्हतं. मी खुशीत होते.

मग एक दिवस मास्तरांनी सत्याप्पाला फाटकात गाठलं.

"अल्लरी, अहो सत्याप्पा, वर तंबोरा कोण लावायलंय?"

"तंबोरा?" सत्याप्पा म्हणाला. "फ्रिज असंल, सर."

"छे. तुमचा फ्रिज कोमल धैवतात आहे, तो मला माहीत आहे. हा पंचम आहे. स्वच्छ पंचम. रोज दुपारी." मास्तरांचे डोळे चमकत होते. "यंत्राचा न्हाई हां. ते विकत मिळणारं तंबोऱ्याचं यंत्र मी डोळे मिटून ओळखतो, सगळ्या धारवाडला विचारा. मेलेला आवाज असतो. ही माणसाची बोटं आहेत. कोण?"

इथे सत्याप्पाचं तोंड डोक्याच्या आधी चाललं. "आई," तो म्हणाला.

"तुमची आई? ह्या वयात?"

"छंद, सर."

"अहाहा! पण नुसता पंचमच का? षड्जाची तार का छेडत न्हाईत?"

"तुटलीय, सर."

हे सगळं तो मला वर येऊन सांगत होता तेव्हा मी हातातलं लाटणं खाली ठेवलं, कारण ते हातात राहिलं असतं तर वाईट झालं असतं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी वाजवत होते तेव्हा खाली काहीच जात नव्हतं. सगळा बाजार पालथा घालून आणलेला आवाज तंतोतंत खोलीत राहत होता. पण मी थांबले की डब्याची गुणगुण जमिनीतून खाली उतरत होती आणि मास्तर तिला पंचम समजून गात होते. माझं वाजवणं लपलं होतं आणि माझं गप्प बसणं पकडलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी जिन्याच्या कठड्यावर कागदाची पुडी ठेवली. आत तंबोऱ्याची नवी तार होती. पुडीवर कानडीत लिहिलं होतं, नागुबाई अक्कांसाठी.

सत्याप्पाने आत्तींना सगळं सांगितलं, तर त्या घाबरायच्या सोडून उठून बसल्या. "माझं नाव झालं म्हनतोस? धारवाडच्या मास्तरात?" त्या दिवसापासून त्या जिन्यात मुद्दाम रेंगाळायला लागल्या. मास्तर हात जोडून म्हणायचे, "अक्का, काय हो तुमच्या बोटांत स्थिरपणा!" आणि आत्ती मान खाली घालून म्हणायच्या, "जनमभर भाकऱ्या थापल्या ह्या बोटांनी, मास्तर. त्येचंच सगळं." त्यात खोटं म्हटलं तर काहीच नव्हतं.

पण मी मात्र कात्रीत सापडले. मी तारेला बोट लावलं की पंचम बंद. पंचम बंद झाला की खालून गाणं बंद. आणि जरा वेळाने जिन्याच्या मधल्या पायरीवरून हाक, "अक्का, दमलात काय?" मास्तर त्याच्या वर कधी चढत नसत. भाडेकरूच्या घरात मालकाने न बोलावता जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं. आत्ती आतून ओरडायच्या, "पानी प्यायला थांबलो, मास्तर!" आणि मला डोळ्यांनी दटावायच्या की सोड तार. मी सोडायची. पंचम सुरू. मास्तर पुन्हा गायला लागायचे. अशाने माझं वाजवणं व्हायचं कसं? जयंती जवळ येत चालली होती. धोंडिबा भाऊजी रस्त्यात भेटले की हवेतच गिटार वाजवून दाखवायचे.

शेवटी मी म्हटलं, बस झालं. सत्याप्पाने महादेवला फोन करून विचारलं. तो म्हणाला, अर्थिंगची वायर खालपर्यंत ओढा, गुणगुण जाईल. दुरुस्ती व्हायची तेव्हा होवो, मी त्या दुपारी डबाच बंद ठेवला. नुसती कोरडी गिटार वाजवली. खालून गाणं आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मास्तर मधल्या पायरीवर उभे. हातात झाकलेलं भांडं.

"अक्कांना बरं न्हाई काय? नाचणीची आंबील आणलीय. मी केलीय, थोडी गुठळ्यांची आहे." मग जरा थांबून म्हणाले, "माझ्या बोटांत आता जोर न्हाई हो. तंबोरा धरवत न्हाई. ते यंत्र मी घरात आणणार न्हाई. गेले दोन-तीन महिने मी पुन्हा रोज गायला लागलो ते अक्कांमुळं. त्यांना सांगा, घाई न्हाई."

मी भांडं घेतलं आणि वर येऊन भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं. हा म्हातारा मला वाजवूही देत नव्हता आणि त्याच्यावर धड रागावूही देत नव्हता. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. आत्ती आंबील पिऊन म्हणाल्या, "मीठ कमी हाय. पर डबा लाव गं बाई." मी डबा लावला. सत्याप्पाने आणलेली अर्थिंगची वायर कपाटावर तशीच पडून राहिली. गिटार मी पहाटे लॅबला जायच्या आधी, स्पीकरशिवाय, तोंडात शिव्या धरून वाजवायला लागले.

इथवर सगळं आमच्यापुरतं होतं. मग मास्तरांनी कळस केला. त्यांनी धारवाडच्या दोन जुन्या गानमित्रांना रविवारी सकाळी बोलावलं. वर येणार नाही, अक्का लाजतात, आम्ही खालीच बसून ऐकतो, असं सांगून गेले. "आमच्या वरच्या अक्का यंत्राला लाजवतात, हे ह्या दोघांना पटत न्हाई. ऐकू दे एकदा."

रविवारी सत्याप्पाने वर डबा लावला. गिटार पलंगावर आडवी, कुणीही हात लावायचा नाही अशी ताकीद. आत्ती नवं लुगडं नेसून तांदूळ निवडत बसल्या. दिसणार नसल्या तरी आज त्यांचा कार्यक्रम होता. मी खाली गेले, पाहुण्यांना चहा हवा-नको बघायच्या निमित्ताने. खरं म्हणजे मला घरात बसवेना.

पाहुणे दोघेही म्हातारे, दोघांच्याही कपाळावर आठ्या. पण पंचम ऐकून आठ्या हळूहळू सैल झाल्या. एकजण म्हणाला, "मास्तर, खरंच हो. हलत न्हाई कुठं." मास्तरांनी डोळे मिटून आलाप सुरू केला. आवाज पिकलेला होता, पण काय सांगू, माझ्यासारखीच्याही अंगावर काटा आला. मी क्षणभर विसरले की हे सगळं खोटं आहे.

आणि लाईट गेली.

पंखा अजून फिरत होता, पंचम मात्र कात्रीने कापल्यासारखा थांबला. मास्तरांचा आलाप मधेच लोंबकळला. त्यांनी डोळे उघडले.

"का हो थांबल्या?" पाहुण्याने विचारलं.

मास्तर वर छताकडे बघत होते. मग त्यांनी हळूहळू मंदावणाऱ्या पंख्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझा चेहरा मला दिसत नव्हता, पण त्यावर सगळं लिहिलेलं असणार. पंखा पूर्ण थांबला. मग कुठेतरी खट्ट झालं, पंखा फिरायला लागला आणि त्याच क्षणी वरून पंचमही आला.

"वा!" दुसरा पाहुणा म्हणाला. "दम घेतला बाईंनी, पण तोच स्वर पकडला बघा. ह्याला म्हणतात साधना."

मास्तरांचे कान लाल झाले होते. "वय आहे त्यांचं," ते म्हणाले. "आज एवढंच पुरे. पुन्हा कधी तरी." त्यांनी पाहुण्यांना फाटकापर्यंत पोचवलं. मी जिन्याने वर पळाले.

"कळलं त्यांना," मी सत्याप्पाला म्हटलं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मधल्या पायरीवर थांबली नाहीत. मास्तर दारात उभे राहिले.

खोलीत आत्ती, पुढे तांदूळ पसरलेलं सूप, आणि कोपऱ्यात तो काळा डबा गुणगुणत होता. मास्तर त्याच्यापुढे वाकले. कान लावला. "हे?"

"होय, सर," मी म्हटलं. "आणि ही गिटार. आत्तींचा काही दोष नाही. मी जयंतीला वाजवणार आहे म्हणून शिकते. तुम्हाला फसवायचं नव्हतं. तुम्हाला ऐकूच जाऊ नये म्हणून हा डबा आणला."

मास्तर ट्रंकेवर बसले. "यंत्र ओळखतो म्हणून मी सगळ्या धारवाडला सांगितलंय," ते पुटपुटले. "आज त्या दोघांसमोर..."

"सर, आम्ही कुणाला सांगणार न्हाई," सत्याप्पा घाईने म्हणाला. त्याच्या आवाजात असं काही होतं की आम्ही हे झाकतो, तुम्ही घराचं बघा. माझा पारा चढला.

"असला सौदा नको," मी म्हटलं. "तुमची गोष्ट आम्ही कुणाला सांगणार नाही. मग तुम्ही घरात ठेवा, नाहीतर काढा. पण एक ऐका. ज्यांनी आडनाव विचारलं त्यांच्या तोंडावर बोलून मी बाहेर पडले, मला कधी भीती वाटली नाही. तुम्ही विचारलं नाहीत. म्हणून तुमची भीती वाटली. असा माणूस पुन्हा मिळणार नाही म्हणून आपल्याच घरात चोरासारखी वाजवत राहिले. मला फार राग येतो त्याचा. तुमचा नाही, सर. माझाच."

खोलीत नुसती गुणगुण राहिली. आत्तींनी तांदळातून हात काढून घेतला होता. मास्तर म्हणाले, "वाजवा बघू."

मी गिटार मांडीवर घेतली. तारेला बोट लागलं आणि पंचम थांबला. मास्तरांनी मान हलवली, कळलं म्हणून. मी जयंतीचं गाणं सुरू केलं. मास्तरांनी कानामागे हात धरला. मग पुढे सरकले. मग चक्क जमिनीवर डब्यापाशी येऊन बसले.

"वाजतंय काय?"

"वाजतंय की."

"मग ऐकू का येत न्हाई?"

"तसाच घेतलाय, सर. सगळ्यात हळू वाजणारा. महादेवच्या दुकानात दुसरा एवढा हळू वाजत नव्हता."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. "बेसूर नको म्हणालो होतो मी," ते सावकाश म्हणाले. "गप्प बसा म्हणालो नव्हतो."

"भाडेकरूला दोन्ही सारखंच ऐकू येतं, सर."

ते त्यांना लागलं. मला दिसलं की लागलं, आणि बोलून गेल्याचं वाईटही वाटलं, पण शब्द परत घ्यावासा वाटला नाही.

पुढचं आधी सांगून टाकते. जयंतीला मी वाजवलं. दोन ठिकाणी चुकले, ढोलकीवाल्याने सांभाळून घेतलं, आणि धोंडिबा भाऊजींनी कार्यक्रम संपल्यावर गिटार स्वतःच्या खांद्यावरून घरी आणून दिली, तोंडातून एक शब्द न काढता. अर्थिंगची वायर मास्तरांनी स्वतः उभं राहून ओढून घेतली. खाली आता तंबोरा मी धरते, रविवारी, त्यांनी शिकवला तसा.

पण त्या सकाळी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. मास्तरांनी हात पुढे केला आणि डब्याचं बटन फिरवलं. थोडं, मग आणखी थोडं, मग पार टोकापर्यंत. "आता," ते म्हणाले.

मी तार छेडली आणि अख्खी खोली भरून गेली. खिडकीची काच वाजली. मी घाबरून हात उचलणार, तोच मास्तरांनी थांबू नका म्हणून खूण केली.

आत्ती दचकून माझ्याकडे बघत होत्या. "अगं बाई! हे तू वाजवतीस व्हय?"

"होय, आत्ती."

"मग इतकं दिस मला काय ऐकवत हुतीस?" असं म्हणून त्यांनी सूप बाजूला सारलं, गाणं ओळखलं आणि खड्या आवाजात माझ्यासोबत गायला लागल्या. त्या एका वाटेने चालल्या होत्या, मी दुसऱ्या. आम्ही दोघी मिळून जे करत होतो ते एकाही स्वराच्या जवळपास जात नव्हतं. मास्तरांनी डोळे घट्ट मिटले, दात आवळले, आणि तसेच बसून राहिले.